मौनाचा आठवडा

बाबांच्या मंडळाचं 'आगामी परिषदा' हे एकपानी पत्रक वर्षातून दोनदा निघायचं, आणि एकदा निघालं की त्यातली तारीख काही केल्या हलत नसे. बाबांना शहात्तरावं लागलं होतं, अर्थशास्त्राची प्राध्यापकी सोडूनही सोळा वर्षं झाली होती, पण पत्रक अजून ते स्वतःच लिहायचे, पट्टीनं रेघा मारून. छापलेली तारीख म्हणजे दिलेला शब्द, आणि शब्द फिरवणं हे सरकारचं काम, आपलं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. खुल्या बाजाराचे इतके कट्टर की घरात मिठाचा डबा कुठे ठेवायचा हेसुद्धा कुणी वरून ठरवू नये म्हणत. मग आईला तो डबा रोज नव्या जागी शोधावा लागायचा.

यंदाच्या पत्रकात तीन ओळी होत्या. पहिली मध्यवर्ती बँकांच्या अधिकाऱ्यांच्या वार्षिक परिषदेची. तिच्यापुढे बाबांनी 'झोप न येणाऱ्यांसाठी' असा शेरा मारला होता. दुसरी मंडळाच्या स्वतःच्या परिषदेची. या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, कॉलेजच्या सभागृहात, सकाळी अकरा वाजता जाहीर वाद, विषय 'मध्यवर्ती बँक हवीच कशाला?'. एका बाजूला बाबा आणि दुसऱ्या बाजूला मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागाची उपप्रमुख, म्हणजे त्यांचीच मुलगी. तिसऱ्या ओळीखाली बाबांनी दोनदा रेघ ओढली होती. तीन महिन्यांनी परदेशात भरणारी खुल्या बाजारवाल्यांची जागतिक परिषद, उद्घाटनाचं भाषण बाबांचं. चाळीस वर्षं ते या परिषदेला जाऊन मागच्या रांगेत बसून आले होते. पुढच्या खुर्चीचं बोलावणं या वेळी पहिल्यांदाच आलं होतं.

मुलीला बँकेत सगळे मॅडम म्हणत. घरी ती चिंगी होती, चव्वेचाळिसाव्या वर्षीही, आणि बाबा भर व्यासपीठावर तिला त्याच नावानं हाक मारत. तेव्हा आपणही लाजायचं कारण नाही.

तर बुधवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी विभागाच्या प्रमुखबाईंनी चिंगीला आत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. दार लावायला बाई कधी उठत नसत.

"समितीची बैठक पुढच्या महिन्यात नाही," बाई म्हणाल्या. "या रविवारी आहे. सोमवारी सकाळी नऊला जाहीर करणार. दर वर जातोय, आणि थोडाथोडका नाही."

चिंगीला आश्चर्य वाटलं नाही. चलन दोन आठवडे घसरत होतं, त्याचे तक्ते तिनेच करून दिले होते. तिला वेगळंच काहीतरी आठवलं.

"बाई, शनिवारी माझा वाद आहे. बाबांच्या परिषदेत."

"माहीत आहे मला. जायचं."

आता इथे बँकेतला एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर चिंगीला शनिवारची धास्ती का वाटली ते कळणार नाही. व्याजदर ठरवणाऱ्या समितीची बैठक आली की आधीचे सात दिवस बँकेतल्या कुणी बाहेर धोरणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. याला मौनाचा आठवडा म्हणतात. त्याच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर झालेल्या असतात, त्यामुळे त्या दिवसांत बँकेचा माणूस गप्प बसला तर कुणाला काही वाटत नाही. तो भलत्याच दिवशी गप्प बसला तर मात्र शहाण्यांचे कान टवकारतात. जाहीर तारखांप्रमाणे पुढचं मौन सुरू व्हायला अजून दोन आठवडे होते, आणि प्रत्यक्षात ते बुधवारी दहा वाजून सहा मिनिटांनी त्या बंद खोलीत सुरू झालं होतं.

"नाही गेलात तर तुमचे वडील काय म्हणतील?" बाईंनी विचारलं.

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. तापाचं सोंग आणलं असतं तर बाबा थर्मामीटर घेऊन दारात उभे राहिले असते. परगावी काम निघालं म्हटलं असतं तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी दोन अधिक दोन करून टाकले असते. आणि केले की ते पोटात ठेवणाऱ्यांतले बाबा नव्हते.

"ठरलेलं सगळं ठरल्यासारखं करायचं," बाई म्हणाल्या. "हसायचं, भांडायचं, चहा प्यायचा. फक्त कळू द्यायचं नाही. हे आधी फुटलं तर ज्यांचे हात लांब आहेत ते बाजार उघडायच्या आत आपलं साधून घेतील आणि साधी माणसं उघड्यावर पडतील. आणि फुटलं कुणाकडून हे शोधायला आपल्याला फार लांब जावं लागणार नाही. ही बातमी नऊ जणांना माहीत आहे. दहाव्या तुम्ही."

मग त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर चिंगीनं सही केली. नोकरी जाईलच, खटलाही होऊ शकेल, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं.

बाबांचा धसका बँकेला उगाच नव्हता. वीस वर्षांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी ते फिरायला निघाले असताना त्यांना बँकेच्या सहाव्या मजल्यावर दिवे दिसले. रविवारी दिवे, आणि खाली आठ मोटारी. शितावरून भाताची परीक्षा करणारा माणूस. घरी येऊन त्यांनी एका वर्तमानपत्राला फोन केला, उद्या दर बदलतोय. तो बदलला. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं 'दिवेवाले सर', आणि बँकेनं सहाव्या मजल्याला जाड पडदे लावले. त्यांच्या परिषदेचा शेवटही तेव्हापासून एकाच प्रश्नानं व्हायचा. श्रोत्यांतून कुणीतरी उठायचं आणि विचारायचं, "सर, दिवे काय म्हणतात?" मग बाबा पुढच्या बैठकीचा अंदाज सांगायचे आणि लोक टाळ्या वाजवून जेवायला जायचे. वीस वर्षांत ते एकदाही तोंडघशी पडले नव्हते. परदेशातलं ते उद्घाटनाचं बोलावणं याच कीर्तीवर आलं होतं.

चिंगीला तर हा धसका दुधाच्या दातांपासून होता. लहानपणी बापलेकीचा एक खेळ असे. तीन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली तिने शेंगदाणा लपवायचा, बाबांनी ओळखायचा. बाबा वाट्यांकडे बघायचेच नाहीत, तिच्या पायांकडे बघायचे. उजव्या पायाचा अंगठा हलला की बरोबर ती वाटी उचलायचे. ती रडकुंडीला यायची, मी कुठे काय सांगितलं म्हणायची. "सांगत नाहीस गं, पण वागतेस ना," बाबा म्हणायचे. "माणूस वागला की कळतं." त्यांचं सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात होतं. चिंगी त्या खेळात एकदाही जिंकली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"चिंगे, उद्या माइक एकच आहे. ओढाओढी करायची नाही."

"तो तुमच्या हातातून सुटला तर मी ओढणार ना, बाबा."

"आवाज बसलाय तुझा."

"काम फार आहे."

"कसलं?"

"वार्षिक अहवालाचं." 

"तो मागच्या महिन्यातच छापून आला की. माझ्याकडे आहे एक प्रत, तिसऱ्या पानावर चूक आहे."

चिंगीचा उजवा अंगठा चपलेत हलला. फोनवरून पाय दिसत नाहीत हे ठाऊक असूनही तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "त्याच चुका दुरुस्त करतोय," ती म्हणाली.

"हं," बाबांनी हुंकार दिला. मग म्हणाले, "झोप नीट. उद्या तुला हरवायचंय मला, मरगळलेली नको."

ती झोपली नाही. काय काय बोलायचं नाही याची उजळणी करत पडून राहिली, आणि हीच तिची चूक झाली.

शनिवारी सभागृह भरलं होतं. नवराबायकोचं भांडण चव्हाट्यावर यावं तसा बापलेकीचा वाद बघायला लोक आले होते. पहिल्या रांगेत आई, मांडीवर विणकाम घेऊन. चाळीस वर्षं ती प्रत्येक परिषदेला अशीच येत होती आणि तिचे निम्मे स्वेटर चलनफुगवट्यावरच्या भाषणांत पुरे झाले होते. तिच्या शेजारी फंडवाला. हा बाबांचा जुना विद्यार्थी, लोकांचे पैसे बाजारात गुंतवायचा त्याचा मोठा धंदा, आणि परदेशातल्या त्या जागतिक परिषदेच्या आयोजकांत त्याच्या शब्दाला वजन. बाबांचं नाव उद्घाटनाला सुचवलं होतं ते त्यानेच. तिसऱ्या रांगेत एका अर्थविषयक दैनिकाची वार्ताहर बसली होती, तिशीची, लांब वेणीची, मांडीवर वही उघडून.

नाणं उडवलं. पहिलं बोलणं चिंगीकडे आलं.

बँकेचा माणूस बाहेर भाषणाला उभा राहिला की आधी एक ठराविक वाक्य म्हणतो. अशी वाक्यं दोनच आहेत. एरवीचं: 'मी मांडते आहे ती माझी वैयक्तिक मतं आहेत, बँकेची नाहीत.' आणि मौनाच्या आठवड्यातलं: 'धोरण समितीच्या येत्या बैठकीसंदर्भात मी काहीही बोलू शकणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.' दोन्ही इतकी कंटाळवाणी की तेवढ्यात लोक खुर्च्या सरकवून घेतात, खोकून घेतात. चिंगीला दोन्ही झोपेत म्हणता आली असती.

ती उठली, माइक नीट केला, आईकडे बघून हसली. सगळं ठरल्यासारखं. आणि तीन दिवस, तीन रात्री मनात जे घोळत होतं ते आपोआप तोंडून बाहेर पडलं.

"धोरण समितीच्या येत्या बैठकीसंदर्भात मी काहीही बोलू शकणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी."

खुर्च्या सरकल्या. कुणीतरी खोकलं. फंडवाला फोनमध्ये बघत होता. वाक्य हवेत विरून गेलं आणि दोनशे माणसांतल्या एकशे अठ्ठ्याण्णव जणांनी त्याची नोंद घेतली नाही.

उरलेल्या दोघांतली एक वार्ताहर. तिची पेन्सिल थांबली, मग तिने वहीत काहीतरी लिहून त्याभोवती गोल काढला.

दुसरे बाबा. ते शेजारच्या खुर्चीत आपल्या कागदांवर खुणा करत बसले होते. त्यांनी मान वर केली. चिंगीकडे बघितलं नाही, समोरच्या टेबलाखाली, तिच्या पायांकडे बघितलं.

चिंगीला ते दिसलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण आपल्याच जिभेनं आपलाच असा गळा धरावा? वाक्य मागे घ्यावं तर सगळ्या सभागृहाला बोट दाखवून सांगितल्यासारखं झालं असतं. तिनं टेबलाची कड धरली आणि बोलायला लागली. काय बोलली ते नंतर तिला धड आठवेना. बटाटे सडले तर पोतंभर नुकसान होतं, चलन सडलं तर घराघरातली भाकरी महागते, म्हणून त्याची राखण कुणीतरी करायलाच हवी, असं काहीसं बोलली. लोक हसले, एका ठिकाणी टाळ्याही पडल्या. पूर्ण वेळ तिला फक्त बाबांच्या पेनाचा आवाज ऐकू येत होता, आणि तो बंद होता.

बाबांची पाळी आली. त्यांनी माइक हातात घेतला. वीस वर्षांपूर्वीच्या दिव्यांपेक्षा मोठी गोष्ट आज त्यांच्या हातात आयती येऊन पडली होती, आणि समोर दैनिकांचे चार वार्ताहर होते. चिंगीनं डोळे मिटायचं तेवढं बाकी ठेवलं.

"चिंगीनं बटाटे काढलेच आहेत तर बोलू," बाबा म्हणाले, आणि वीस मिनिटं नेहमीसारखे बोलले. बटाट्याचा भाव बंद खोलीत सात जण ठरवत नाहीत तरी बाजारात बटाटा मिळतो, मग पैशाचा भाव ठरवायला सात शहाणे कशाला, हे त्यांचं ठेवणीतलं. भाव म्हणजे निरोप, आणि निरोप अडवून ठेवणं हे लबाडीचं मूळ, हेही झालं. लोक खूश होते. पण चिंगीला दिसत होतं की बाबा नेहमीसारखे हात हलवत नव्हते. माइक दोन्ही हातांनी धरून उभे होते.

प्रश्नांना सुरुवात झाली तशी वेणीवाली वार्ताहर उठली.

"माझा प्रश्न मॅडमना आहे. सुरुवातीला तुम्ही म्हणालात की येत्या बैठकीसंदर्भात बोलू शकणार नाही. हे वाक्य मौनाच्या आठवड्यातलं आहे ना? आणि तो सुरू व्हायला तर अजून दोन आठवडे आहेत."

सभागृहात आता कुणीही खोकत नव्हतं. फंडवाल्यानं फोन खाली ठेवला. चिंगीनं माइककडे हात नेला. हो म्हटलं तरी मेलो, नाही म्हटलं तरी मेलो, सवयीनं तोंडून गेलं म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेलाच, की बाई, कसली सवय?

माइक बाबांनी सोडला नव्हता.

"त्याचा दोष माझा," ते म्हणाले. "मीच तशी अट घातली होती तिला. म्हटलं, इथे येऊन बैठकीचे इशारे द्यायचे नाहीत, आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकायचं. अहो, घरात रोज बँकेचं ऐकतो, निदान माझ्या परिषदेत तरी नको!"

लोक खो खो हसले. वार्ताहरही हसली, पण बसली नाही. "म्हणजे अट लेखी आहे, सर?"

"बापानं मुलीला अट लेखी घालायची असती तर हिचं लग्न मी ठरवलं असतं," बाबा म्हणाले. पुन्हा हशा झाला. वार्ताहर बसली. वहीतला गोल तिनं खोडला नाही, पण पुढचं पान उलटलं.

आईच्या सुया मात्र थांबल्या होत्या. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

चिंगीला वाटलं, सुटलो. तिला रडायला येत होतं, हसायलाही येत होतं. आणि मग फंडवाला उठला, कोटाचं बटण लावत, दरवर्षीसारखा.

"सर, शेवटचा प्रश्न नेहमीचाच. दिवे काय म्हणतात?"

टाळ्या पडल्या. चिंगीच्या टाळ्यांसाठी वर गेलेल्या हातांना तिथेच कळलं की सुटलो कसले, आता तर खरं अडकलो. गेले तीन दिवस ती ज्या सापळ्यात होती त्यातच आता बाबा उभे होते. वीस वर्षं या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस आज सांगत नाही म्हणाला, तर त्या न सांगण्याचा अर्थ फंडवाल्याला पायऱ्या उतरेपर्यंत लागला असता. शितावरून भात ओळखायला त्याला बाबांनीच शिकवलं होतं. खरं सांगितलं तर मुलगी गेली. आणि खोटं? खोटा भाव सांगणाऱ्याला बाजारात उभं करू नये, हे बाबांनी तिला वाट्यांच्या वयात शिकवलं होतं. त्यांना खोटं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. नाही म्हणायला दहा मिनिटांपूर्वी एकदा ऐकलं होतं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाच सेकंद गेले असतील, पण चिंगीला त्यात आपलं अख्खं बालपण दिसलं, तीन वाट्यांसकट.

"दिवे बंद आहेत," बाबा म्हणाले. "सहावा मजला गाढ झोपलाय. महिनाभर दराला कुणी हात लावत नाही. निवांत जेवा."

फंडवाल्यानं मान डोलावली आणि तिथेच उभ्याउभ्या फोनवर काहीतरी लिहून धाडलं.

बाहेर चहाच्या टेबलाशी आईनं चिंगीला बाजूला घेतलं. "तुमच्या त्या बँकेतलं मला काही कळत नाही," ती हळूच म्हणाली. "पण यांनी तुला अट घातली म्हणे? पंचेचाळीस वर्षांत मला साधं दार लावून घे म्हणाले नाहीत. काय झालंय?"

"काही नाही, आई."

"बरं," आई म्हणाली. तिनं चिंगीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि बिस्किटांची बशी पुढे केली. बाबा खिडकीशी लोकांच्या घोळक्यात होते. चिंगी त्यांच्याकडे गेली नाही, त्यांनीही तिला बोलावलं नाही. एकमेकांशी बोलायची चोरी होती, आणि दोघांनाही ती पाळता येत होती.

सोमवारी नऊ वाजता दर जाहीर झाला. गेल्या पंधरा वर्षांतली सगळ्यात मोठी वाढ. चलन दुपारपर्यंत सावरलं, दुकानं उघडी राहिली, साधी माणसं उघड्यावर पडली नाहीत. सरांच्या शब्दावर विसंबलेला फंडवाला मात्र सपशेल आपटला. संध्याकाळी त्यानं कुणालातरी मुलाखत दिली आणि मंगळवारी ती वेणीवाल्या वार्ताहरच्या दैनिकात पहिल्या पानावर होती: 'दिवेवाल्या सरांपुढे अंधार'. पोटच्या मुलीबरोबर एका टेबलाशी दीड तास बसूनही ज्याला सुगावा लागत नाही त्याचे अंदाज आता घरच्यांनीच ऐकावेत, असं त्यात होतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, सरांची साठी तर केव्हाच उलटली, असंही. वहीत गोल काढलेलं ते वाक्य मात्र त्यात कुठेच नव्हतं.

बँकेच्या उपाहारगृहात ते पान टेबलाटेबलावरून फिरलं. ज्या माणसामुळे सहाव्या मजल्याला वीस वर्षं उजेड दिसला नव्हता तो चारीमुंड्या चीत झाला होता. लोकांना आनंद होणारच. कुणीतरी म्हणालं, आता पडदे काढायला हरकत नाही. चिंगी ताटात मान घालून जेवत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते तिला घासागणिक कळत होतं. उठून ओरडावंसं वाटत होतं, त्यांना कळलं होतं हो, तुमच्यातल्या कुणाच्याही आधी कळलं होतं! पण ते सांगायचं म्हणजे कशावरून कळलं तेही सांगायचं, आणि मग त्या म्हाताऱ्यानं भर सभेत जे गिळलं ते सगळंच मातीत जायचं.

प्रमुखबाई तिच्या समोर येऊन बसल्या. "कमाल केलीत," त्या म्हणाल्या. "मला तर वाटलं होतं ते पाच मिनिटांत तुम्हाला ओळखतील. इतके कसे हो ते गाफील राहिले?"

बाईंचे डोळे बारीक होते. नुसतं कौतुक करायला त्या कुणाच्या टेबलाशी येत नसत. चिंगीनं घास गिळला, पाणी प्यायली आणि त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"वय झालं त्यांचं," ती म्हणाली. "हल्ली काही लक्षात येत नाही."

"होतं असं," बाई म्हणाल्या, आणि जेवायला लागल्या.

संध्याकाळी ती आईबाबांकडे गेली. आई आत मिठाचा डबा शोधत होती. बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी पत्रक, पट्टी आणि काळं पेन घेऊन बसले होते. फंडवाल्याचा फोन दुपारीच येऊन गेला होता, हे आईनं दार उघडताच सांगितलं. तिसऱ्या, परदेशातल्या परिषदेच्या ओळीवर पट्टी आडवी ठेवून बाबा रेघ मारत होते, खालून नव्हे, अक्षरांच्या मधून. छापलेली ओळ बाबांनी खोडलेली चिंगीनं जन्मात पाहिली नव्हती.

"बाबा."

"प्रवास झेपायचा नाही," ते मान वर न करता म्हणाले. "गुडघे फार दुखतात."

बाबांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. चिंगी समोरच्या खुर्चीत बसली. तिला म्हणायचं होतं, मी राजीनामा देते, सगळं सांगून टाकते, तुमचं भाषण तुम्हाला परत मिळू दे. बाबांनी ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं असणार, कारण त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि विषय बदलला.

"ऑफिसात माझ्याबद्दल विचारलं का कुणी?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

ते शब्द पुन्हा तोंडून काढणं चिंगीला जड गेलं. "मी म्हणाले, वय झालं त्यांचं. हल्ली काही लक्षात येत नाही."

बाबा तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या मिशीखाली हसू आलं, खरंखुरं, शेंगदाणा सापडल्यावर यायचं तसलं.

"म्हणताना अंगठा हलला?"

"नाही, बाबा."

"मग जिंकलीस की गं," ते म्हणाले.

चाळीस वर्षं तिला हे वाक्य ऐकायचं होतं. ती टेबलावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. बाबांनी एक हात तिच्या केसांवर ठेवला, आणि दुसऱ्या हातानं पट्टी सरकू न देता ती रेघ पुरी केली.